ऐकू न येणाऱ्याचा हिशेब

न्यूयॉर्क, १९२४

तुम्ही ताठ पाठीच्या लाकडी खुर्चीत बसला आहात. कानावर टेलिफोनचा रिसीव्हर पट्ट्याने घट्ट बांधलाय. रस्त्यापलीकडे हडसन नदी आहे, धक्क्याला बोटी लागताहेत, पण त्यातला एकही आवाज या खोलीत येत नाही. पत्ता : ४६३, वेस्ट स्ट्रीट. पुढच्या वर्षी १ जानेवारीला इथल्या प्रयोगशाळांना बेल लॅब्ज हे नाव मिळेल. आज ही वेस्टर्न इलेक्ट्रिकच्या इंजिनिअरांची इमारत आहे आणि तुमच्या कानाची परीक्षा घेणाऱ्या दोघांची आडनावं आहेत वेगेल आणि लेन.

रिसीव्हरमध्ये एक सूर सुरू होतो. सेकंदाला १२०० कंपनं. सरळ, न हलणारा. तो चालूच राहणार आहे. तुमचं काम एवढंच : त्याच्या जोडीला दुसरा सूर आला, की बोट वर करायचं.

आधी खालचा सूर येतो, ६०० कंपनांचा. अगदी मंद, तरी लगेच कळतो. बोट वर. मग बाराशेच्या अगदी लगतचा. तो वेगळा ओळखू येत नाही, पण आधीचा स्थिर सूर आता डुलायला लागतो. तंबोरा जुळवताना जवळ आलेल्या दोन तारांमध्ये ऐकू येते तीच ही लहर. बोट वर. मग १९०० कंपनांचा. तुम्ही वाट पाहता. काहीच नाही. समोरचा माणूस बटण फिरवतोय हे तुम्हाला दिसतंय, म्हणजे सूर सुरू आहे, हवा थरथरते आहे, कानाच्या पडद्यावर येऊन आदळते आहे. तुमच्या लेखी मात्र खोलीत एकच सूर आहे. बटण बरंच पुढे गेल्यावर दुसरा सूर एकदम उगवतो आणि तुम्ही दचकून बोट वर करता. हाच सूर एकटा वाजला असता, तर याच्या कितीतरी आधी तुम्हाला ऐकू आला असता.

वरातीत ताशा कडाडत असताना शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही, हे सांगायला प्रयोगशाळा लागत नाही. वेगेल आणि लेन यांना हवे आहेत ते आकडे. कुठला सूर कुठल्या सुराला किती झाकतो? त्यांच्या आलेखात एक गोष्ट ठळकपणे उतरते. झाकणं दोन्ही बाजूंना सारखं होत नाही. खालचा मोठा सूर वरच्या सुरांना सहज गिळतो. वरचा सूर खालच्याला तितका गिळू शकत नाही.

याचं कारण त्याच दशकात बुडापेस्टमध्ये शोधलं जातंय, आणि गंमत म्हणजे तिथेही पैसे देणारं खातं टेलिफोनचंच आहे. हंगेरीच्या पोस्टखात्याच्या प्रयोगशाळेतला गेऑर्ग फॉन बेकेशी मृत माणसांच्या कानातल्या शंखाकृती नळीत डोकावतोय. नळीतल्या पडद्यावरून लाट धावते : उंच सुरांची लाट तोंडाशीच विरते, खालच्या सुरांची लाट पार टोकापर्यंत जाते. म्हणजे खालचा सूर आपल्या मुक्कामाला पोचताना उंच सुरांच्या घरांवरून तुडवत जातो. या कामासाठी बेकेशीला १९६१ साली नोबेल मिळेल.

टेलिफोन कंपनीला कानाचं एवढं कौतुक का, हे तुम्ही खुर्चीतून उठताना विचारू शकता. उत्तर तांब्यात आहे. शहरांमधल्या प्रत्येक तारेला पैसे पडतात. पलीकडच्या माणसाला जे ऐकूच येणार नाही, ते तारेतून धाडण्यात अर्थ नाही. पण काय ऐकू येणार नाही, हे तारेला विचारून कळत नाही. माणसाला खुर्चीत बसवावं लागतं.

प्रिन्स्टन, १९५०

आता डोळ्याची पाळी. न्यू जर्सीतल्या आरसीए कंपनीच्या प्रयोगशाळेत दिवे मंद केलेत. समोर रंगीत चित्र आहे. पुढ्यातली अडचण साधी आणि भयंकर आहे. अमेरिकेत प्रत्येक टीव्ही वाहिनीला हवेत ६ मेगाहर्ट्झ रुंदीची पट्टी मिळते आणि काळंपांढरं चित्र ती जवळपास सगळी खाऊन टाकतं. रंगीत चित्राला लाल, हिरवी आणि निळी अशी तीन चित्रं लागतात. पट्टी तिप्पट करता येत नाही. शिवाय लोकांनी घेतलेले लाखो काळेपांढरे संच एका रात्रीत निकामी झाले, तर कंपनीचं काही खरं नाही.

तुम्हाला चित्राच्या दोन आवृत्त्या दाखवल्या जातात. पहिलीत तिन्ही रंगांचा बारीकसारीक तपशील आहे. दुसरीत बारीक तपशील फक्त उजेड आणि सावलीचा आहे. रंग वरून जाड्या ब्रशने फासल्यासारखा, कडा सोडून पसरलेला. कुठली पहिली आणि कुठली दुसरी? तुम्ही पुढे वाकता, मागे रेलता. बसल्या अंतरावरून फरक सांगता येत नाही.

या प्रयोगामागे आल्डा बेडफर्ड नावाचा इंजिनिअर आहे. डोळ्याच्या मागच्या पडद्यावर रंग ओळखणाऱ्या पेशी आहेत, पण त्यांची वाटणी समान नाही. निळ्याला प्रतिसाद देणाऱ्या पेशी दहा टक्क्यांहूनही कमी, आणि ज्या अगदी मधल्या ठिपक्याने आपण वाचतो, सुईत दोरा ओवतो, तिथे त्या जवळपास नाहीतच. कडा, रेषा, अक्षरं आपण उजेडाच्या फरकावरून ओळखतो. रंग मागाहून, ढोबळ येतो आणि मेंदू तो कडेपर्यंत नेऊन नीट बसवतो.

डिसेंबर १९५३ मध्ये अमेरिकी सरकारने मान्य केलेल्या रंगीत टीव्हीच्या पद्धतीत उजेडाला सुमारे ४ मेगाहर्ट्झ मिळतात. रंगाचे दोन संदेश केलेत : त्यांतल्या एकाला साधारण दीड मेगाहर्ट्झ, दुसऱ्याला जेमतेम अर्धा. तेही उजेडाच्याच पट्टीतल्या फटींमध्ये सरकवून बसवलेले. काळापांढरा संच उजेड उचलतो आणि रंगाकडे दुर्लक्ष करतो.

मुंबई, नोव्हेंबर १९८२

हाच हिशेब एकोणतीस वर्षांनी गिरगावातल्या चाळीत येऊन पोचतो. दिल्लीत एशियाड सुरू होतंय; अप्पू हत्ती हे त्याचं शुभंकर. तुमच्या खोलीत काळापांढरा संच, लाकडी शटरवाला. गॅलरीच्या टोकाच्या खोलीत मात्र नवा रंगीत संच आलाय आणि दाराबाहेर चपलांचा ढीग पडलाय.

"काकू, आमच्याकडेही लागलंय हो, पण काळंपांढरंच!" तुम्ही ओरडून सांगता.

"मग या की इकडे. अप्पू बघा कसा दिसतोय!"

दोन्ही खोल्यांवर आदळणाऱ्या लहरी एकच आहेत, वरळीच्या मनोऱ्यावरून निघालेल्या. भारताने घेतलेली पद्धत जर्मनीतली, पाल नावाची, पण तिच्यातही उजेडाला ५ मेगाहर्ट्झ आणि रंगाला त्याच्या चौथाईच्या आसपास हेच प्रमाण आहे. काकूंच्या खोलीत दाटीवाटीने बसता बसता पडद्याला नाक लावून बघा. झेंड्याचा रंग कडेच्या बाहेर ओघळलेला दिसेल. चार फूट मागे सरका, कडा पुन्हा धारदार होते. ती धारदार झाली तुमच्या डोक्यात. वरळीहून ती तशी आलेलीच नव्हती.

मॅनहॅटन, १९७३

हे मॅनहॅटन न्यूयॉर्कचं नव्हे. कॅन्ससमधलं, गवताळ टेकड्यांच्या मधलं विद्यापीठाचं गाव. उन्हाळ्याच्या सुट्टीमुळे इमारत रिकामी आहे. एका खोलीत बंगळुरात जन्मलेला, वयाची तिशी ओलांडलेला प्राध्यापक नासिर अहमद कागदावर कोसाइनची समीकरणं मांडतोय. आदल्या वर्षी त्याने या कल्पनेसाठी अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानकडे अनुदान मागितलं होतं. ते मिळालं नाही. तपासणाऱ्यांना कल्पना फारच सोपी वाटली. उन्हाळ्याचा पगार नाही, तरी काम चालू आहे. सोबतीला त्याचा विद्यार्थी टी. नटराजन आणि टेक्सासमधल्या आर्लिंग्टनला शिकवणारा, मद्रासच्या गिंडी कॉलेजातून इंजिनिअर झालेला के. आर. राव. जानेवारी १९७४ मध्ये तिघांच्या नावाने काही पानांचा एक लेख छापला जाईल.

या गणिताचं नाव डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म, डीसीटी. चित्राचा आठ बाय आठ ठिपक्यांचा तुकडा घ्या. चौसष्ट आकडे. डीसीटी त्यांचे दुसरे चौसष्ट आकडे करून देतं. माहिती तेवढीच राहते. पण आधी प्रत्येक आकडा एका ठिपक्याचा होता, आता पहिला आकडा सगळ्या तुकड्याचा सरासरी उजेड सांगतो, पुढचे काही आकडे सावकाश होणारे चढउतार आणि शेवटचे आकडे अगदी बारीक, दाणेदार नक्षी. सुपात धान्य पाखडताना टपोरे दाणे मागे आणि कोंडा पुढे येतो, तसे जड आकडे एका कोपऱ्यात गोळा होतात आणि उरलेल्या जागी शून्याच्या आसपासचं बारीकसारीक राहतं.

पण पाखडून झाल्यावर कोंडा किती फेकायचा, हे डीसीटीला ठाऊक नाही. तेवढ्यासाठी पाच वर्षं मागे, इंग्लंडातल्या केंब्रिजला डोकावून या. १९६८ साली फर्गस कॅम्पबेल आणि जॉन रॉबसन लोकांना पट्टे दाखवतायत : काळे-पांढरे, रुंद, अरुंद, ठळक, फिके. हात पुढे लांब करून अंगठा धरा. त्याची रुंदी तुमच्या नजरेत साधारण दोन अंश भरते. एका अंशात तीन-चार पट्टे बसत असतील, तर ते अगदी फिके असले तरी दिसतात. एका अंशात साठ बसवले, तर ठळक असूनही विरून करडे होतात. डोळा मध्यम आकाराच्या नक्षीला सर्वांत तिखट आहे आणि बारीक नक्षीला भोळा.

१९९२ साली जेपीईजीच्या प्रमाणग्रंथात ही दोन टोकं एकत्र येतात. त्यात चौसष्ट भाजकांचा एक नमुना तक्ता आहे. डीसीटीतून निघालेला प्रत्येक आकडा आपल्या घरातल्या भाजकाने भागायचा आणि पूर्णांकात आणायचा. डाव्या-वरच्या कोपऱ्यात भाजक १६, उजव्या-खालच्या कोपऱ्यात ९९. वरच्या कोपऱ्यातल्या ८० चे ५ होतात, खालच्या कोपऱ्यातल्या ४० चा शून्य. सलग शून्यं आली, की "पुढे सगळी शून्यं" एवढंच लिहून काम भागतं. सोळा आणि नव्याण्णव हे आकडे कुठल्या सिद्धान्तातून उतरले नाहीत. लोकांना पडद्यासमोर बसवून, कितपत बिघाड दिसतो हे विचारून ते आले. आज फोनमध्ये फोटोची क्वालिटी कमीजास्त करता, तेव्हा बहुधा अशाच एखाद्या तक्त्याला लहानमोठ्या संख्येने गुणत असता.

एर्लांगेन, १९८८

बव्हेरियातलं विद्यापीठाचं गाव. खोलीत स्पीकर, हेडफोन आणि एक पस्तिशीच्या आतबाहेरचा इंजिनिअर, कार्लहाइन्त्स ब्रांडेनबुर्ग. त्याचे मार्गदर्शक डीटर झाइत्सर यांना सत्तरच्या दशकापासून एक ध्यास आहे : टेलिफोनच्या तारेतून चांगलं संगीत पाठवायचं. पेटंट मागायला गेले, तेव्हा तपासनिसाने हे होणं शक्य नाही म्हणून अर्ज परत केला. मग ते काम संशोधनासाठी विद्यार्थ्याकडे आलं.

अशक्य वाटण्यासारखं काय, ते मोजून बघा. सीडीवर आवाजाची दर सेकंदाला ४४,१०० मापं असतात, प्रत्येक १६ बिटचं, डाव्या-उजव्या अशा दोन वाहिन्या. गुणाकार १४,११,२०० बिट. नव्या डिजिटल टेलिफोनच्या दोन जोडवाहिन्या मिळून सेकंदाला १,२८,००० बिट नेतात. म्हणजे अकरातले दहा भाग वाटेतच सोडून द्यायचे आणि ऐकणाऱ्याला ते कळता कामा नये.

पद्धत आता तुमच्या ओळखीची झालीय. आवाजाचे छोटे तुकडे करायचे. एमपी३ मध्ये एक चौकट ११५२ मापांची, म्हणजे सुमारे २६ मिलिसेकंदांची असेल. प्रत्येक तुकड्याचे कंपनांनुसार ५७६ भाग करायचे. हे काम करणारं गणित कॅन्ससच्या डीसीटीचाच पुढचा वंशज आहे. मग वेस्ट स्ट्रीटच्या खुर्चीतून निघालेले आणि नंतर जर्मनीतच एबरहार्ड त्स्विकर यांनी चोवीस पट्ट्यांत नीट लावलेले आकडे काढायचे : या क्षणी कुठला सूर मोठा आहे, त्याच्या सावलीत आजूबाजूचं काय काय झाकलं जाईल? झाकलेल्या भागाला कमी बिट. मापं ढोबळ झाली की खरखर वाढते, पण ती नेमकी सावलीत पडते.

ऑर्केस्ट्रा, गिटार, सगळं छान जमत होतं. मग ब्रांडेनबुर्गच्या वाचनात आलं, की स्पीकर तपासायला एक परीक्षक सुझान व्हेगाचं 'टॉम्स डायनर' वाजवतो. सीडी आणली. आता ती तुमच्या हेडफोनवर आहे. एका बाईचा गळा. साथ नाही, ठेका नाही. मूळ गाणं ऐकताना ती तुमच्या अगदी समोर उभी आहे. मग आकुंचित आवृत्ती लागते आणि तिच्या दोन्ही बाजूंना कुणीतरी काहीतरी खरवडतंय.

सावली देणारं दुसरं वाद्यच नाही, हे अर्धं कारण. उरलेलं अर्धं तुमच्या दोन कानांमध्ये आहे. गळा डाव्या-उजव्या वाहिनीत अगदी सारखा आहे, म्हणून तो मधोमध ऐकू येतो. खरखर मात्र दोन्ही वाहिन्यांत वेगवेगळी तयार झाली, म्हणून ती दोन बाजूंना जाऊन बसली. आवाज एका ठिकाणी आणि कचरा दुसऱ्या ठिकाणी असला, की मेंदू त्यांना वेगळं काढतो. मग सावली उपयोगाची राहत नाही. १९२४ चा प्रयोग एका कानावर झाला होता. दोन कान मिळून जे करतात, ते त्या आलेखात कुठून येणार?

उपाय पुढे असा निघाला : डावं आणि उजवं वेगळं साठवण्याऐवजी दोघांची बेरीज आणि वजाबाकी साठवायची. गळा मधोमध असेल, तर वजाबाकी जवळपास शून्य येते. खरखरही बेरजेत, म्हणजे गळ्याच्याच जागी येऊन बसते आणि पुन्हा झाकली जाते. तेच गाणं पुन्हा पुन्हा वाजत राहिलं. व्हेगाबाईंना त्या वेळी याचा पत्ताही नव्हता.

मरे हिल, १९९०

पुन्हा न्यू जर्सी, आता बेल लॅब्जची नवी जागा. ब्रांडेनबुर्ग इथे आलाय. कारण जेम्स जॉन्स्टन नावाचा माणूस स्वतंत्रपणे त्याच वाटेने चालत होता. दोघांच्या एका प्रात्यक्षिकाला त्या वर्तुळात '१३ डेसिबलचा चमत्कार' म्हणतात. हेडफोन घाला.

पहिल्यांदा मूळ संगीत. दुसऱ्यांदा तेच संगीत, त्यात साधी खरखर मिसळलेली, संगीताहून १३ डेसिबल खाली. पत्र्यावर पाऊस पडतोय आणि पलीकडे कुणी गातंय. ऐकवत नाही. तिसऱ्यांदा पुन्हा तेच संगीत. स्वच्छ. तुम्ही निश्चिंत होता आणि मग तुम्हाला सांगितलं जातं, की या तिसऱ्या आवृत्तीतही खरखर होती. तेवढीच. मोजून १३ डेसिबल खाली.

मीटरच्या दृष्टीने दुसरी आणि तिसरी आवृत्ती सारखीच बिघडलेली आहे. पहिली खरखर सगळ्या पट्ट्यांत सारखी शिंपडली होती. तिसरीतली क्षणाक्षणाला संगीताच्या सावलीत ढकलली होती. एवढ्या एका गोष्टीने इंजिनिअरांची जुनी फूटपट्टी मोडते. मूळ आणि नक्कल यांची वजाबाकी करून किती बिघाड झाला एवढंच बघायची सवय होती. आता प्रश्न बदलतो : बिघाड कुठे झाला? आणि त्याचं उत्तर देणारं मीटर त्या काळी एकच होतं, खुर्चीत बसलेला माणूस.

स्टॉकहोम, जुलै १९९०

म्हणूनच तुम्ही स्वीडिश रेडिओच्या इमारतीत आहात. दोन वर्षांपूर्वी लिओनार्दो क्यारिग्लिओने आणि हिरोशी यासुदा यांनी एमपीईजी नावाचा गट उभा केला. चित्र आणि आवाज यांच्यासाठी जगभर एकच पद्धत ठरवायची म्हणून. आवाजाचे वेगवेगळे प्रस्ताव एकमेकांत मिसळून चार गट उरलेत. कोण जिंकणार हे आता कान ठरवतील.

गुणपत्रिका पाच अंकांची. ५ म्हणजे बिघाड कळतच नाही. ४, कळतो पण खुपत नाही. ३, थोडा खुपतो. २, खुपतो. १, सहन होत नाही. तुकडे मुद्दाम अवघड निवडलेत. घंटीसारखा स्वच्छ ग्लॉकनश्पील आहे. व्हेगाबाई आहेतच. आणि कॅस्टनेट्स, स्पॅनिश नाचातली लाकडी करताळं.

कॅस्टनेट्स का? डोळे मिटून ऐका. शांतता, मग टक्. आकुंचित आवृत्तीत टक् च्या आधी एक बारीक फस् ऐकू येते. परिणाम आधी आणि कारण मागाहून! खरखर चौकटीच्या सगळ्या लांबीवर पसरते. ठोका चौकटीच्या शेवटी पडला, तर त्याआधीच्या शांततेतही खरखर असते. मोठा आवाज आपल्यानंतरच्या आवाजांना शेदीडशे मिलिसेकंद झाकून ठेवतो, पण आपल्याआधीच्यांना जेमतेम काही मिलिसेकंद. उपाय : ठोका येणार असं दिसलं, की चौकट तात्पुरती तिसऱ्या हिश्शाची करायची, म्हणजे फस् त्या काही मिलिसेकंदांत मावते. तबल्यावरचे 'ना' आणि 'ता' हीच परीक्षा घेतात. तुमच्या फोनवर तबला नीट वाजतो, त्याचं थोडं श्रेय कॅस्टनेट्सला द्यायला हरकत नाही.

निकालात दोन गट पुढे आले. बेल लॅब्ज आणि एर्लांगेनवाल्यांचा ॲस्पेक कमी बिटमध्ये जास्त चांगला वाजतो. म्युनिकच्या प्रसारण संस्थेशी जोडलेला म्युझिकॅम साधा, यंत्रावर हलका. समितीने समित्या करतात तेच केलं : तीन थर ठेवले. १९९२ मध्ये प्रमाणग्रंथ पुरा झाला. तिसरा, सर्वांत किचकट थर फारसं कुणी वापरेल असं वाटत नव्हतं. १४ जुलै १९९५ रोजी एर्लांगेनच्या मंडळींनी ईमेलवर मत घेऊन त्याच्या फाइलींना शेपूट ठरवलं : डॉट एमपी३. चार मिनिटांचं गाणं सीडीवर ४२ एमबी, या थरात १२८ किलोबिटला ४ एमबीहून कमी. तेव्हाच्या २८.८ च्या मोडेमवर सव्वातीन तासांऐवजी अठरा मिनिटं. पुढचं तुम्ही स्वतः जगला आहात.

फोनवर, त्याच दशकात

एक छोटा मुक्काम. नव्वदच्या दशकातला जीएसएम मोबाइल कानाला लावा. बॅटरी वाचावी म्हणून, तुम्ही गप्प असताना फोन जवळपास काहीच पाठवत नाही. फोनच्या इंजिनिअरांना कळून चुकलं होतं, की पलीकडे अगदी निखळ शांतता ऐकू आली तर माणसाला वाटतं फोन कटला. तो "हॅलो, हॅलो" करत बसतो. म्हणून पलीकडचा फोन स्वतःच हलकी खरखर तयार करून कानात सोडतो, तुमच्या खोलीतल्या आवाजाशी मिळतीजुळती. आधी, ऐकू येत नाही म्हणून खरा आवाज वगळला. आता, ऐकू यायला हवा म्हणून नसलेला आवाज घातला. २०१८ च्या एव्ही१ या व्हिडिओ पद्धतीत हीच युक्ती चित्राला लावता येते. जुन्या फिल्मचे दाणे पाठवायला फार बिट लागतात. ते पुसून टाकायचे, त्यांचा आकार-प्रकार चार आकड्यांत कळवायचा आणि पडद्यापाशी नवे दाणे टाकायचे. प्रत्येक दाणा खोटा, एकूण पोत खरा.

आज, तुमचं टेबल

आता तुम्ही घरी आहात. खुर्चीत माणसं बसवणं थांबलेलं नाही, पण रोज अपलोड होणारा प्रत्येक व्हिडिओ कुणाला दाखवत बसणार? २००४ पासून चित्राची ठेवण मोजणारी सूत्रं आली. २०१६ साली नेटफ्लिक्सने व्हीमॅफ नावाची मोजणी खुली केली; माणसांनी दिलेले गुण शिकून ती नव्या दृश्याला माणूस किती गुण देईल याचा अंदाज करते. खुर्चीतला माणूस असा सूत्रात जाऊन बसला.

मात्र तो कोण आहे, हे विसरू नका. तो एका ठरावीक अंतरावर बसतो, ठरावीक आवाजात, एकदाच ऐकतो. सगळा हिशेब त्या बैठकीपुरता आहे. बैठक बदलली, की सावल्या हलतात. गाण्याचा वेग निम्मा करा, एखादी पट्टी वाढवा, गळा बाजूला काढून मागची साथ वेगळी करायचा प्रयत्न करा. ज्याच्या आड खरखर लपवली होती तोच मोठा आवाज हटतो आणि ती उघडी पडते. तीच फाइल पुन्हा आकुंचित करा, पुन्हा पाठवा. प्रत्येक वेळी एन्कोडर, म्हणजे आकुंचन करणारा प्रोग्राम, मागच्याच्या खरखरीला गाणं समजून आपली नवी खरखर तिच्यावर चढवतो. कुटुंबाच्या ग्रुपवर दहा हातांतून फिरलेल्या फोटोत चेहऱ्याभोवती दिसणारे चौकोन हे आठ बाय आठच आहेत.

तुमच्या समोर टेबलावर आजोबांच्या कीर्तनाची कॅसेट आहे. १९८४ ची, फितीचा रंग उडालेला. प्लेअरची वायर लॅपटॉपला जोडलीय आणि पडद्यावर विचारणा आलीय : कुठल्या प्रकारात साठवू? एमपी३ निवडलीत, तर आज काहीही बिघडलेलं ऐकू येणार नाही. शंभर वर्षांचं काम त्याचीच हमी देतं. पण या ध्वनिमुद्रणात फितीची सळसळ आहे, देवळातला घुमारा आहे, आजोबांच्या आवाजामागे बुडालेली टाळकऱ्यांची रांग आहे. उद्या कुणी सळसळ काढून त्या रांगेतला एक आवाज वर आणू पाहील. त्या माणसासाठी जे महत्त्वाचं, तेच आजच्या कानाच्या दृष्टीने सावलीतलं, म्हणून फेकण्याजोगं.

अकरातले दहा भाग सोडायची सक्ती १९८८ मध्ये टेलिफोनच्या तारेने केली होती. तुमच्या हार्डडिस्कची तशी काही सक्ती नाही. पंचेचाळीस मिनिटांची एक बाजू पूर्ण उतरवली, तर पाचशे एमबीच्या आतच बसते. कॅसेट दुसऱ्यांदा वाजेलच याचा भरवसा नाही. तेव्हा पहिली प्रत 'वेव्ह' किंवा 'फ्लॅक' प्रकारात, काहीही न वगळता घ्या. ग्रुपवर धाडायची एमपी३ त्या प्रतीतून काही सेकंदांत तयार होईल. एमपी३ पासून मूळ प्रतीकडे नेणारं यंत्र मात्र कुठल्याच काळात सापडणार नाही.